तेल्या : डॉकिंगचा स्कोअर चांगला, अहवालात झोन, पण आपल्या लॅबमध्ये काहीच नाही

डाळिंबाच्या तेल्या रोगावरचं तुमचं संयुग डॉकिंगमध्ये (संयुग जंतूच्या प्रथिनात किती घट्ट बसेल याचा संगणकी अंदाज; जितका उणे तितकं घट्ट) उणे ९.४ किलोकॅलरी देतंय, बाहेरच्या चाचणी केंद्राच्या अहवालात झोनही (चकतीभोवती जंतू न वाढलेलं वर्तुळ) आलाय आणि कॉलेजात तीच चाचणी लावली तर काहीच नाही, हे वाचून राहवलं नाही. आमचंही अगदी असंच झालं होतं.

डॉकिंग तुम्हाला येतंच, त्यात शिरत नाही. फक्त तुमचं लक्ष्य पेप्टाइड डिफॉर्मायलेज (जंतूला प्रथिनं बनवताना लागणारं एन्झाइम) आहे, तर त्याच्या सक्रिय जागेतला धातूचा आयन जागेवर आहे ना, ते बघा. प्रथिनाच्या रचनेतून पाणी काढताना तोही उडाला तर स्कोअरला अर्थ नाही. आणि व्हिना या डॉकिंग प्रोग्रॅमचा अंदाज अडीच-तीन किलोकॅलरींनी सहज चुकतो, म्हणून उणे ९.४ आणि उणे ८.८ च्या दोन संयुगांत डावं-उजवं करू नका.

आता केंद्राचं. आमचं संयुग पाण्यात विरघळेना, म्हणून डीएमएसओ या द्रावकात दिलं. अहवालात झोन छान, खाली सही-शिक्का. प्लेटचा फोटो मागवला तर तीन चकत्या (संयुगात भिजवलेले कागदाचे गोल तुकडे) आमच्या, एक स्ट्रेप्टोसायक्लिन या प्रतिजैविकाची. नुसत्या डीएमएसओची चकतीच नाही! मग जंतू संयुगाने अडला की द्रावकाने, हे ठरवायचं कसं? परत लावून द्या म्हटलं, तर उत्तर आलं की अहवाल दिला, फाइल बंद. नमुना संपलेला, पैसे गेलेले, पत्रांना उत्तर नाही. तोवर मृग बहार उरकला आणि ताज्या रोगट फळांसाठी पुढच्या पावसाळ्यापर्यंत थांबावं लागलं. एका विद्यार्थिनीचं अख्खं वर्ष त्यात गेलं, त्याची चीड अजून आहे.

म्हणून नमुना देण्याआधी लेखी घ्या: नुसत्या द्रावकाची चकती लावणार का, आणि चाचणी नेमक्या कोणत्या जंतूवर? अहवालात ३७ अंश आणि एका रात्रीत निकाल दिसला तर मला तरी शंका येते. तेल्याचा जंतू झँथोमोनास २८ अंशांच्या आसपास वाढवतात, वसाहती नीट दिसायला दोन-तीन दिवस लागतात.

मी संगणकाच्या बाजूचा, रोगशास्त्र शिकलेलो नाही, तेव्हा हे एखाद्या रोगशास्त्रज्ञाला विचारून घ्या. पण एक सांगतो, कॉलेजातल्या प्लेटवर काही दिसलं नाही म्हणून संयुग लगेच टाकू नका. या जंतूला बाह्य पटल आहे, वर चिकट झँथनचं आवरण. डॉकिंगला यातलं काहीच दिसत नाही. शुद्ध एन्झाइमवर चाचणी करता आली तर आधी ती करा. तिथे चाललं आणि प्लेटवर नाही, तर बहुधा अडचण आत शिरण्याची आहे, आणि रेणूत बदल करायला जागा आहे.

आणि कृपा करून एवढ्यावर कुणा बागायतदाराला फवारणी सुचवू नका.