मुलाच्या बोलक्या टॅबवर (चित्राच्या चौकोनावर बोट ठेवलं की तो शब्द बोलणारा टॅब) रोज लागणारे शब्द वरच्या ओळीत हलवले तर चालतील का?

नका हलवू, नवा शब्द रिकाम्या चौकोनात टाका आणि जुने जिथे आहेत तिथेच राहू द्या. वर आणल्याने सोपं जाईल असं वाटतं, पण होतं उलटं. मी लातूरला स्पीच थेरपिस्ट आहे आणि हे वारंवार पाहते: मूल चित्र शोधून बोलतं ते फक्त सुरुवातीला. तीच हालचाल, तोच आवाज असं पुन्हापुन्हा घडलं की जागा हाताला पाठ होते. भाकरी थापताना गप्पा चालू असतात आणि हात आपोआप फिरतो, तसंच. मग मुलाचं लक्ष शोधण्यातून सुटून सांगण्याकडे जातं. अशा टॅबवर हालचालीच्या सवयीतून भाषा शिकवणारी ‘लॅम्प’ ही पद्धत याच तत्त्वावर उभी आहे: एका शब्दाची एकच, कायमची जागा.

म्हणूनच सुरुवातीला नऊ मोठे चौकोन आणि वर्षाने चाळीस, असं करू नका, कारण तेव्हा सगळंच हलतं. मुलाला झेपेल तेवढी मोठी मांडणी आत्ताच निवडा आणि नको ते शब्द लपवून ठेवा. मांडणीचा बॅकअप घ्या. लाइट गेली किंवा शेतात जायचं असेल, तर त्याच मांडणीचा लॅमिनेट केलेला तक्ता सोबत असू द्या. आजी-आजोबांनीही ‘नको’, ‘अजून’, ‘पाणी’ बोलताना त्याच चौकोनांवर बोट ठेवावं. मुलाला याची फार मदत होते.

अपवाद एकच: स्नायू ताठ असल्याने हात त्या कोपऱ्यापर्यंत पोचतच नसेल, तर थेरपिस्टसोबत बसून एकदाच बदला.