ग्रामीण आमदार विधानसभेत बोलतो, त्यातून गावात खरंच काही येतं का?

तुमचा प्रश्न असा आहे: मी पुण्यात वाढलो, मूळ गाव दुष्काळी पट्ट्यात. आमदार स्थानिक उद्योगासाठी, शेतीसाठी, कुटुंबांसाठी आवाज उठवतात असं दर अधिवेशनात ऐकतो. त्यातलं काही गावापर्यंत पोचतं, की भाषण सभागृहातच राहतं?

मी सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोला तालुक्यातली. पोचतं. पण पोचायला इतकी वर्षं लागतात की मागणी कुणी लावून धरली होती, हे लोकांच्या लक्षातही राहत नाही.

आधी माझं माप सांगते. आमच्याकडे दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. कुणी मेंढरं घेऊन खाली जातं, कुणी सोनंचांदी वितळवून शुद्ध करायच्या, म्हणजे गलाईच्या धंद्यात पार केरळ-तमिळनाडूपर्यंत. दाराला कुलूप लागतं, म्हातारी माणसं मागं राहतात, पोरांची शाळा तुटते. एखाद्या आमदाराच्या कामाने गावातली किती कुलपं लागायची थांबली, एवढंच मी बघते. त्यामुळे उद्योग, शेती आणि कुटुंब हे तीन वेगळे विषय मला कधी वाटलेच नाहीत. शेत वाळलं की घर हलतं, आणि तालुक्यातच पगार मिळाला तर ते जागेवर राहतं.

माझी आई बाहत्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जायची. मिलो नावाच्या लाल ज्वारीच्या भाकरी आणि कामावर खायला मिळणारी सुकडी यांच्या गोष्टी ती अजून सांगते. त्या कामांच्या मागे विधिमंडळातल्याच एका माणसाचा विचार होता. वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते, गाव तासगाव तालुक्यातलं विसापूर. काम मागेल त्याला काम ही कल्पना त्यांनी १९६५ मध्ये आपल्याच भागात प्रयोग म्हणून राबवून घेतली. दुष्काळात ती राज्यभर गेली, १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. मला यातला सर्वात महत्त्वाचा भाग पैशाचा वाटतो. या योजनेसाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर आणला गेला. शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून दरमहा थोडी रक्कम कापायची, सरकारने त्यात आपली भर घालायची आणि त्यातून गावच्या बाईला बांधबंदिस्तीची मजुरी द्यायची. पुण्यात तुमच्या घरच्यांच्या पगारपत्रकावर ही कपात दिसत असेल. तिचं मूळ हे आहे. पुढे २००५ मध्ये देशाचा रोजगार हमी कायदा झाला, तोही याच अनुभवावर.

आता आमच्या आबासाहेबांबद्दल, म्हणजे गणपतराव देशमुखांबद्दल. शेतकरी कामगार पक्षाचे. १९६२ मध्ये पहिल्यांदा निवडून आले आणि २०१४ मध्ये अकराव्यांदा. मतदारसंघ एकच, पक्षही एकच. मधे १९७२ आणि १९९५ मध्ये हरले, दुसऱ्या खेपेला तर फक्त १९२ मतांनी. ३० जुलै २०२१ ला वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी गेले. एसटीने फिरणारा आमदार म्हणून त्यांची गोष्ट सगळीकडे सांगितली जाते आणि ती खरीच आहे, पण फक्त तेवढंच सांगितलं की मला वाईट वाटतं. साधेपणाने पाणी येत नाही. पाणी आलं ते एकच विषय तीस-चाळीस वर्षं न सोडल्यामुळे. दोनदा मंत्री झाले ते सोडलं तर जवळपास सगळी कारकीर्द विरोधी बाकांवर गेली. हातात सत्ता नाही, फायलीवर सही करायचा अधिकार नाही. उरतं ते बोलणं, म्हणून ते तयारीनिशी बोलायचे.

उद्योगाचं बघा. सांगोला हा काही कापसाचा पट्टा नाही. पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपास, तोही वेळेवर नाही. अशा तालुक्यात त्यांच्या पुढाकाराने शेतकरी सहकारी सूतगिरणी उभी राहिली. सूतगिरणीत हात लागतात, वर्षभर लागतात, आणि सुताचं गिऱ्हाईक असलेले सोलापूर-इचलकरंजीचे माग फार लांब नाहीत. सहकारी सूतगिरण्यांसाठी राज्यात बराच काळ ५:४५:५० असा आकृतिबंध होता: सभासदांचे ५ टक्के, सरकारचं भागभांडवल ४५ टक्के, कर्ज ५० टक्के. गावकरी आपले पाच टक्के ज्वारी-मेंढरं विकून उभे करतात, पण पंचेचाळीस टक्के मुंबईत मंजूर होतात. आमदाराच्या शब्दाला वजन आहे की नाही ते तिथं कळतं. अर्थात गिरणी मंजूर होणं आणि नीट चालणं यात फार अंतर आहे. महाराष्ट्रात कितीतरी सहकारी गिरण्या बंद पडल्या, काहींची फक्त पत्र्याची शेड उरली. त्यामुळे नारळ फुटल्याचा फोटो बघून मी कुणाला श्रेय देत नाही. दहा वर्षांनी तिसऱ्या पाळीचा भोंगा वाजतो का, ते बघते.

पाण्याची गोष्ट लांबलचक आहे आणि ती मला थोडक्यात सांगता येत नाही. राज्यांमधला पाण्याचा तंटा सोडवायला नेमलेल्या बच्छावत लवादाने १९७६ मध्ये कृष्णा खोऱ्याच्या पाण्याचं राज्यांमध्ये वाटप केलं. महाराष्ट्राच्या वाट्याला ५६० टीएमसी, म्हणजे ५६० अब्ज घनफूट पाणी आलं. पण कागदावरचं पाणी आटपाडी-सांगोल्याच्या माळावर आपोआप चढत नाही, ते उचलावं लागतं. निर्णयाचा फेरविचार २००० नंतर होणार होता आणि तोपर्यंत आपला वाटा वापरात दिसायला हवा होता. त्यासाठी महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झालं ते १९९६ मध्ये. म्हणजे मधली वीस वर्षं गेली. याच काळात, १९९३ पासून, क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडींनी आटपाडीला १३ दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद भरवायला सुरुवात केली. अण्णा वाळव्याचे, त्यांच्या स्वतःच्या शिवारात ऊस डोलत होता, तरी ते आमच्यासाठी उभे राहिले. आबासाहेब त्या लढ्यात होते, पाण्याच्या चळवळीतले कार्यकर्ते डॉ. भारत पाटणकर होते. माणदेशातली, म्हणजे आमच्या दुष्काळी पट्ट्यातली माणसं भाकरी बांधून परिषदेला जायची. आमच्या घरातून चुलते जायचे.

त्या परिषदेची मागणी मला आजही मोलाची वाटते. पाणी जमिनीच्या एकरावर वाटू नका, कुटुंबावर वाटा. ज्याला जमीन नाही त्या कुटुंबालाही पाण्याचा हक्क द्या. याला समन्यायी पाणीवाटप म्हणतात. ते पूर्णपणे झालेलं नाही, पण शेती आणि कुटुंब एका वाक्यात आणणारी याहून नेमकी मागणी मी ऐकलेली नाही.

टेंभू योजनेचं पाणी कऱ्हाडजवळ कृष्णेतून उचलून टप्प्याटप्प्याने वर चढवतात. सांगोला तिच्या लाभक्षेत्रात येतो. पाणी आल्यावरही भांडण संपलं नाही, कारण पंपाचं वीजबिल शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरचं होतं. थकबाकी झाली की पंप बंद, आणि पिकाला पाणी हवं तेव्हाच कालवा कोरडा. मग उपसा योजनांच्या वीजबिलाचे ८१ टक्के सरकारने आणि १९ टक्के शेतकऱ्यांनी भरायचे असं ठरलं. ऐकायला हा किरकोळ हिशोब आहे. माझ्या भावाच्या डाळिंबाच्या बागेसाठी तो धरणाइतकाच महत्त्वाचा आहे. आमदाराचं भाषण ऐकताना मी असले आकडे शोधते. 'शेतकऱ्यांना न्याय द्या' असं कुणीही म्हणेल. वीजबिलाचा वाटा किती, आवर्तन, म्हणजे कालव्याला पाणी सोडण्याची पाळी, कोणत्या महिन्यात, कालव्याच्या कोणत्या फाट्याचं काम किती किलोमीटर राहिलं, हे विचारलं की मंत्र्याला उत्तर द्यावं लागतं.

सभागृहात ते विचारायच्या रीती ठरलेल्या आहेत. तारांकित प्रश्नाला मंत्री तोंडी उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. लक्षवेधी सूचना तातडीच्या विषयासाठी असते, तिच्यावर मंत्र्यांना निवेदन करावं लागतं. अर्थसंकल्पात एखाद्या खात्याच्या मागण्या आल्या की कपात सूचना देता येते. आणि मंत्र्याने 'करू' म्हटलं की ते आश्वासन म्हणून नोंदलं जातं, त्याचा पाठपुरावा करायला आश्वासन समिती असते. लोकांना हे फारसं ठाऊक नसतं. चांगला ग्रामीण आमदार ओळखायचा तो इथंच. आवाज किती चढला ते महत्त्वाचं नाही. पुढच्या अधिवेशनात, नागपूर असो की मुंबई, तो त्याच आश्वासनाबद्दल पुन्हा उभा राहिला का, ते बघायचं.

आमची बाजूही सांगायला हवी. बोलणाऱ्याला ऐवज आपण द्यायचा असतो. काही वर्षांपूर्वी आमच्या शिवारात डाळिंबाचा बहर धरलेला असताना सलग पाऊस झाला आणि तेल्या रोग आला. फळांवर काळे डाग, चिरा, बाग आठवड्यात हातची गेली. फळपीक विमा काढलेला होता. पण या विम्यात नुकसान बागेत येऊन मोजत नाहीत, महसूल मंडळाच्या हवामान केंद्रावरची नोंद धरतात. केंद्र आमच्यापासून लांब, तिथं पाऊस कमी. भरपाई नाही. आम्ही एका कार्यालयात अर्ज दिला, तो महिनोन् महिने पडून राहिला. त्या अर्जात 'आमचं फार नुकसान झालं, दया करा' एवढंच होतं.

दुसऱ्यांदा मी स्वतः लिहायला बसले. गट नंबर, लागवडीचं साल, बहर कोणता, पावसाच्या तारखा, हवामान केंद्राचं गावापासून अंतर, बाधित बागांची यादी, सरपंच आणि कृषी सहायकांच्या सह्या. मागणी एकच ठेवली: आमच्या बाजूला आणखी एक हवामान केंद्र द्या. दोन पानांत सगळं बसवलं आणि लोकप्रतिनिधींच्या हातात अधिवेशनाच्या आधी दिलं, नंतर नाही. विषय निघाला. त्या हंगामाची भरपाई आम्हाला मिळाली नाही, ते नुकसान आम्हीच सोसलं, भावाने बायकोचे दागिने गहाण ठेवले. पण आमचं गाव आणि आमची तक्रार नोंदीवर आली, आणि पुढच्या अर्जाच्या वेळी अधिकारी आमच्याशी तारखा काढून बोलले.

तुम्ही गावाचं नाव दिलेलं नाही. गावाकडे कोण राहतं, शेत कोण करतं, तेही लिहिलेलं नाही. आपल्या तालुक्याच्या नावाने विधानसभेचं कामकाज शोधा, छापील स्वरूपात ते उपलब्ध असतं. गेल्या पाच वर्षांत किती प्रश्न लागले आणि त्यातले किती पुन्हा विचारले गेले ते मोजा. गावातल्या एखाद्या प्रश्नावर निवेदन द्यायचं असेल तर महसूल मंडळ, गट नंबर आणि तारखा जमवून मला इथंच कळवा. मसुदा मी करून देईन.