झटका ‘येतो’, अरेस्ट ‘होतो’

प्रश्न असा आहे : वैद्यकीय लेखाच्या भाषांतरात ‘कार्डियाक अरेस्ट’ला ‘हृदयविकाराचा झटका’ म्हटलं तर चालेल का? आणि ‘रिससिटेशन’ला, म्हणजे हृदय आणि श्वास पुन्हा सुरू करण्याच्या खटपटीला, ‘पुनरुज्जीवन’?

झटका नको. झटका म्हणजे अटॅक. हृदयाला रक्त पुरवणारी धमनी तुंबते आणि तिथला स्नायू मरू लागतो. असा माणूस घामाघूम झाला तरी बहुतेक वेळा ‘छातीत दुखतंय’ एवढं सांगू शकतो. अरेस्टमध्ये शुद्ध नाही, नाडी नाही, श्वास नाही. फार तर आचके. अटॅकमुळे अरेस्ट होऊ शकतो, म्हणून गल्लत होते. पण तो पाण्यात बुडून, विजेचा धक्का बसूनही होतो.

गंमत म्हणजे नेमका शब्द आपल्या जुन्या निधनवार्तांत पडून आहे : ‘हृदयक्रिया बंद पडून’. (मृत्यूचं कारण म्हणून तो कुचकामी, मरताना सगळ्यांचीच बंद पडते!) १९९० साली नॉर्वेतल्या उटस्टाइन मठात या विषयातले तज्ज्ञ परिभाषा एकसारखी करायला जमले. त्यातून आलेल्या व्याख्येचा भर हृदयाचं यांत्रिक काम थांबण्यावर आहे. ‘हृदय थांबलं’ म्हणून भागत नाही. व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशनमध्ये स्नायू नुसता थरथरत असतो, ईसीजीवर वेडीवाकडी रेघ उमटत राहते, पण रक्त पुढे सरकत नाही. हालचाल आहे, क्रिया नाही.

‘पुनरुज्जीवन’ची अडचण वेगळी. त्या शब्दात यश गृहीत आहे. छातीवर मिनिटाला १००–१२० दाब देणं (सीपीआरचा गाभा) हा प्रयत्न झाला, फळ नव्हे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘पॅरामेडिक-२’ चाचणीत अरेस्ट झालेले ८,००० हून अधिक रुग्ण होते. अॅड्रेनॅलिन (हृदय पुन्हा चालू व्हावं म्हणून दिलं जाणारं औषध) दिलेल्यांपैकी ३६.३ टक्के जणांचं रक्ताभिसरण परतलं, न दिलेल्यांत ११.७ टक्के. तीस दिवसांनी हयात मात्र ३.२ आणि २.४ टक्के. मेंदू बऱ्यापैकी शाबूत राहिलेल्यांत तर ठोस फरक दिसलाच नाही. आता या पहिल्या ३६ टक्क्यांना ‘पुनरुज्जीवित’ लिहिलंत, तर वाचक त्यांना घरी पोचलेले समजेल.

म्हणून मी ‘पुनरुज्जीवनाचे प्रयत्न’ लिहीन, सीपीआरला सीपीआरच ठेवीन, आणि त्या मधल्या टप्प्याला ‘रक्ताभिसरण परतणं’. बोलताना ‘नाडी परत आली’.