मामांनी फळ्यावर घातलेले गणित

परदेशात वाढणाऱ्या आपल्या सात वर्षांच्या मुलाचे नाव शाळेने विशेष बुद्धिमान मुलांच्या चाचणीसाठी सुचवले आहे, आणि थोर शास्त्रज्ञांच्या बालपणी दिसलेली लक्षणे त्याच्यात आहेत का, हे कसे ओळखावे असे आपण विचारले आहे. हा प्रश्न वाचताच मला डॉ. जयंत नारळीकर आठवले, कारण त्यांचेही बालपण महाराष्ट्राबाहेर गेले.

१९३८ साली कोल्हापुरात जन्मलेले नारळीकर बनारसला वाढले. वडील विष्णु वासुदेव नारळीकर बनारस हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते, आई सुमती संस्कृतच्या विदुषी. शाळेत हिंदी आणि घरात मराठी. गणितात एम.एस्सी. करण्यासाठी त्यांच्याकडे राहायला आलेले मामा, मोरेश्वर हुजूरबाजार, घरातल्या फळ्यावर खास जयंतसाठी म्हणून एखादे अवघड गणित लिहून ठेवत आणि ते सुटेपर्यंत पुसत नसत.

पुढे १९५९ साली केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत नारळीकर पहिले आले, म्हणजे सीनियर रँग्लर झाले, हे आपल्याला ठाऊक असल्यामुळे त्या फळ्याकडे आपण भविष्याची खूण म्हणून पाहतो. मात्र तितकीच गोडी असलेली कितीतरी मुले पुढे वेगळ्या वाटेने जातात आणि तिथे समाधानाने काम करतात. म्हणून मला त्या प्रसंगात मुलाच्या बुद्धीइतकीच घराची रीत मोलाची वाटते: गणित घालणारा माणूस घरातला होता, उत्तराची घाई कोणालाही नव्हती, आणि मुलगा आपणहून पुन्हा पुन्हा फळ्यापाशी जात होता.

आपला मुलगा किती भरभर बेरजा करतो, यापेक्षा न सुटलेले कोडे तो दुसऱ्या दिवशी स्वतःहून हाती घेतो का, याकडे लक्ष द्यावे असे मी मनापासून सुचवीन. घरात एक फळा लावा, आठवड्याला एकच गणित लिहा, आणि त्याने मागितल्याशिवाय उत्तर सांगू नका. हे शेवटचे आईवडिलांना सर्वांत जड जाते. भारतातले आजोबा किंवा मावशी व्हिडिओ कॉलवर गणित घालणार असतील तर फारच उत्तम, कारण मग मराठी ही त्याच्यासाठी विचार करण्याचीही भाषा होईल. अधिकच्या शिकवणीसाठी मराठीचा वेळ कमी करण्याचा विचार आपण पत्रात मांडला आहे, तो कृपया सोडून द्यावा. नारळीकरांनी पुढे विज्ञानकथा मराठीतून लिहिल्या.

राहिली चाचणी. तिच्या निकालानंतर वर्गात त्याला खरोखर अधिक कठीण काम मिळणार आहे का, हे शिक्षिकेला आधी स्पष्ट विचारावे. तसे होणार असेल तर ती अवश्य द्यावी. नुसते प्रमाणपत्र मिळणार असेल, तर यंदा थांबावे आणि फळ्यावरचे गणित चालू ठेवावे.