नाटकाच्या ओढीने गिरगावात राहायला यावं का?

गिरगावात नाटक-सिनेमाचं जुनं वातावरण अजून आहे का, की टॉवरांनी ते गिळलं, आणि त्यासाठी इथे भाड्याने घर घ्यावं का, असं तुम्ही विचारलंय. मी लग्न होऊन इथल्या फणसवाडीत आले ती अजून त्याच चाळीत आहे. नाटकासाठी म्हणाल तर इथे येऊ नका. दादर-माटुंग्याला बघा, नाहीतर सरळ ठाणं किंवा डोंबिवली.

डोंबिवली वाचून हसू नका. गिरगावातला नाटकाचा प्रेक्षक तिकडेच गेलाय. दोन खोल्यांत दोन बिऱ्हाडं मावेनात म्हणून धाकट्याने बोरिवलीला नाहीतर डोंबिवलीला जागा घेतली, हे आमच्याकडे घरोघरी झालं, आणि तेही टॉवर यायच्या कितीतरी आधी. मग नाटकवाले इथे कुणासाठी थांबणार? रविवारच्या पेपरातल्या नाटकांच्या जाहिराती बघा. ठाण्याचं गडकरी रंगायतन, डोंबिवलीचं सावित्रीबाई फुले, कल्याणचं आचार्य अत्रे, बोरिवलीचं प्रबोधनकार ठाकरे. आमच्या गिरगावातल्या मुंबई मराठी साहित्य संघाचं नाव शोधावं लागतं.

संघाचं नाट्यगृह 1964 सालचं. केळेवाडीत जागच्या जागी आहे, कुणी पाडलेलं नाही. राज्य नाट्य स्पर्धेतली कितीतरी नाटकं मी तिथे पाहिली, त्यातली काही फुकटसुद्धा महाग होती. पण सासूबाई रात्रीची भांडी आवरून, साडी बदलून, घरच्याच चपलांत निघायच्या आणि तिसऱ्या घंटेच्या आत खुर्चीत असायच्या. परतल्यावर गॅलरीत उभं राहून शेजारणींबरोबर नाटकाची चिरफाड. नाटक बघणं हा वेगळा कार्यक्रम नव्हताच. आता मला ठाण्याला प्रयोग बघायचा तर अर्धा दिवस जातो, आणि शेवटच्या अंकात एक डोळा घड्याळाकडे.

सिनेमाचं म्हणाल तर ‘राजा हरिश्चंद्र’ 1913 साली इथल्याच कॉरोनेशनमध्ये लागला, ‘आलम आरा’ 1931 साली मॅजेस्टिकमध्ये. आज ‘आलम आरा’ची प्रिंट कुठेच नाही आणि मॅजेस्टिकच्या जागी शॉपिंग सेंटर आहे. रॉयल ऑपेरा हाऊस मात्र 1993 पासून बंद होतं ते 2016 मध्ये नव्या झळाळीने उघडलं. फार देखणं केलंय. फक्त तिथे जाताना मी चपला बदलते.

टॉवरांबद्दल बाहेर गेलेले लोक जितके हळवे होतात तितकी मी होत नाही. गणपतीत येतात, चाळीचे फोटो काढतात, ‘हे जपायला हवं’ म्हणतात आणि रात्रीच्या गाडीने आपापल्या संडास-बाथरूमवाल्या घरी जातात. आमच्याकडे संडास अजून गॅलरीच्या टोकाला आहेत. पागडीचं, म्हणजे एकदा मोठी रक्कम देऊन कायमच्या भाड्याने घेतलेल्या खोलीचं, भाडं इतकं नगण्य की मालक दुरुस्तीला हात लावत नाही, आणि पावसाळ्यात सज्जाला टेकू. असल्या जुन्या उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीचा उपकर भरणाऱ्या, इमारतीच्या पुनर्विकासात भाडेकरूला किमान 300 चौरस फुटांचं मालकीचं घर मिळतं. ते मला हवंय. खोटं कशाला बोलू?

भीती आहे ती त्यानंतरची. एकाच प्लॉटवर विकायच्या फ्लॅटची सेल बिल्डिंग आणि आम्हा जुन्या भाडेकरूंची रिहॅब बिल्डिंग, दोन गेट, दोन लिफ्ट. रिहॅबवाल्यांनाही लिफ्ट, पंप, वॉचमन यांचा मेंटेनन्स दर महिन्याला भरावा लागतो. बिल्डरने त्यासाठी दिलेला कॉर्पस, म्हणजे एकरकमी निधी, पुरेनासा झाला की पेन्शनवर जगणारी माणसं घर भाड्याने देऊन विरारला जातात. त्यांना कुणी हाकललेलं नसतं, त्यामुळे त्याची बातमीही होत नाही.

आणि ज्यांच्याकडे भाड्याची पावतीच नाही त्यांचं काय? आमच्या जिन्याखाली एक शिंपीकाका बसतात. वाडीतल्या गॅदरिंगच्या नाटकांचे कपडे वर्षानुवर्षं त्यांनीच शिवले. नव्या इमारतीच्या नकाशात जिन्याखाली मीटर रूम आहे. बिल्डरच्या माणसाला मी मीटिंगमध्ये त्यांच्याबद्दल विचारलं, तर त्याने ‘ते भाडेकरू आहेत का?’ एवढंच विचारलं. नियमाप्रमाणे त्याचं चूक नाही. घरगुती खानावळ चालवणाऱ्या पोटभाडेकरू बाईंचंही तेच होणार.

तरी यायचंच असेल तर नाटक सोडून बाकी पुष्कळ आहे. चौपाटी पायी, चर्नी रोड पायी, आणि ऑक्टोबर 2025 पासून गिरगावची मेट्रो. खोदकामाने आमची झोप वर्षानुवर्षं खाल्ली, पण आता ऑफिसला मी तिनेच जाते. विनयची मिसळ आहे. पाडव्याची शोभायात्रा आहे, आणि तेव्हा डोंबिवलीकरही परत येतात.

मासे खात असाल तर नव्या टॉवरमध्ये एजंटला आधीच सांगा, कारण काही ठिकाणी त्यावरूनच नकार येतो. चाळीत जागा बघणार असाल तर लिव्ह अँड लायसन्सच्या करारावर (ठरावीक मुदतीचा भाडेकरार) सही करण्याआधी, बिल्डरशी करार झालाय का आणि किती भाडेकरूंच्या सह्या झाल्यात, हे मालकाला किंवा एजंटला न विचारता शेजारच्या खोलीत विचारा. सह्या झाल्या असतील तर सामान लावून होईपर्यंत जागा रिकामी करायची नोटीस येईल.