लाइपझिगच्या शाळेत तबला घेऊन येणाऱ्या मुलीच्या आईस

सप्रेम नमस्कार.

आपली कन्या येत्या ऑगस्टमध्ये विद्यार्थी विनिमय कार्यक्रमातून दहा महिन्यांसाठी लाइपझिगला येत आहे आणि तिची तबल्याची मध्यमा परीक्षा पूर्ण झाली आहे. शाळेच्या संगीताच्या कार्यक्रमात तिने भाग घ्यावा का, तबला नाशिकहून सोबत आणावा का आणि या सगळ्यात तिचा अभ्यास मागे पडेल का, असे आपण विचारले आहे. मी स्वतः 2009 मध्ये मिरजेहून अशीच वर्षभरासाठी याच शहरात आले होते, पुढे उच्च शिक्षणासाठी परतले आणि आता इथेच स्थायिक आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

भाग अवश्य घ्यावा. मात्र माझे आग्रहाचे सांगणे असे आहे की तिने पहिल्याच आठवड्यात शाळेच्या कॉयरमध्ये, म्हणजे समूहगानाच्या गटात, नाव नोंदवावे आणि तबल्याचा विषय निदान नाताळपर्यंत स्वतःहून काढू नये. आपल्याला हे उलटे वाटेल. मलाही निघताना सगळ्यांनी "आपली कला तिथे दाखव" असेच बजावले होते, आणि मी तसे केलेही. सप्टेंबरमध्येच एका छोट्या कार्यक्रमात मी दहा मिनिटे एकटीने तबला वाजवला, टाळ्या भरपूर मिळाल्या, आणि दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी पूर्वीइतकीच एकटी होते. कॉयरमध्ये गेल्यावर चित्र बदलले. तिथे दर आठवड्याला त्याच दोन मुलींच्या मधे उभे राहायचे, पान कुठले चालू आहे ते त्यांच्या वहीत डोकावून पाहायचे, चुकले की तिघींनी मिळून चुकायचे. माझे जर्मन वर्गात सुधारले त्यापेक्षा त्या रांगेत अधिक सुधारले, कारण शब्द सुरात आणि लयीत म्हणावे लागत असल्यामुळे उच्चार आपोआप जागेवर बसत गेले.

"तिला गाता येत नाही," असे आपण लिहिले आहे. तबल्याचे बोल हातावर ताल देत वर्षानुवर्षे म्हणणाऱ्या मुलीचा कान तयार असतोच. आवाज खालचा असेल तर तिला आल्ट या गटात उभे करतील आणि त्या गटाची तेवढी एकच चाल तिला शिकावी लागेल. अवघड जाते ते वेगळेच. आपल्याकडे ठेका अखंड चालू असतो. इथे चोवीस मात्रा गप्प उभे राहून पंचविसाव्या मात्रेला सगळ्यांनी एकाच श्वासात उठायचे असते. मी तीनतालाच्या हिशेबाने मोजू लागले, म्हणजे चार-चार मात्रांची चार घरे झाली की एक आवर्तन, आणि ते फार उपयोगी पडले. नोटेशन वाचण्याची सवय व्हायला दोनेक महिने लागतात. गोव्यात चर्चमध्ये व्हायोलिन किंवा गायन शिकलेली मुले या बाबतीत आपल्या पुढे असतात. तशी कोणी ओळखीची असेल तर निघण्यापूर्वी चार धडे जरूर घ्यावेत.

जर्मन शाळांमध्ये कॉयर आणि वाद्यवृंद बहुधा तासांनंतर, ऐच्छिक गट म्हणून चालतात. मुले त्यांना नुसते "आ-गे" म्हणतात. वर्षात मोठे कार्यक्रम साधारणपणे दोन असतात, एक डिसेंबरमध्ये, बहुतेक वेळा एखाद्या चर्चमध्ये, आणि दुसरा उन्हाळी सुट्टीच्या आधी. लाइपझिगमध्ये या गोष्टीला विशेष वजन आहे. येथील थॉमस चर्चचा मुलांचा कॉयर 1212 पासून गातो आहे आणि 1723 पासून 1750 पर्यंत, म्हणजे मृत्यूपर्यंत, योहान सेबास्टियन बाख या कॉयरची जबाबदारी सांभाळत होते. त्यामुळे शाळकरी मुलांचे गाणे ऐकायला आलेली मंडळी केवळ कौतुक करायला आलेली नसतात, ती मनापासून ऐकतात. गाणे चालू असताना "वा" म्हणण्याची रीत नाही. सगळे संपेपर्यंत शांतता असते आणि ती शांतता म्हणजेच दाद आहे, हे तिला आधीच सांगून ठेवावे. मला पहिल्यांदा ती शांतता नापसंतीची वाटली होती.

चर्चमध्ये गाण्याबद्दल आपल्या सासूबाईंना शंका आहे, असेही आपण लिहिले आहे. पूर्व जर्मनीच्या या भागात बहुसंख्य लोक कोणत्याच चर्चचे सभासद नाहीत आणि कॉयरमधली अनेक मुलेही नसतात. गाण्यांचे शब्द ख्रिस्ती असतात हे खरे आहे. एखादे गीत म्हणू नये असे वाटले तर संगीत शिक्षकांना आधी नम्रपणे सांगावे.

आता तबल्याविषयी. आणावा, जरूर आणावा, पण उन्हाळी कार्यक्रमासाठी. तोवर तिची सगळ्यांशी ओळख झालेली असेल आणि तबला कॉयरच्या एखाद्या गाण्याला साथ म्हणून बसवता येईल. मी तांब्याचा डग्गा, म्हणजे डाव्या हाताचा मोठा नग, मोठ्या बॅगेत कपड्यांत गुंडाळून आणला आणि तबला हातात ठेवला. तबला सुरात लावायची हातोडी मात्र मोठ्या बॅगेतच घालावी, केबिनमध्ये ती नेऊ देत नाहीत. हिवाळ्यात हीटरमुळे घरातली हवा इतकी कोरडी होते की पुडी, म्हणजे तोंडावरचे कातडे, ताणली जाऊन तबल्याचा स्वर चढतो, आणि तोच तबला गार, दमट चर्चमध्ये नेला की उतरतो. म्हणून कार्यक्रमाच्या जागी निदान तासभर आधी पोहोचून तो उघडा ठेवावा आणि मगच लावावा. उंच दगडी छताखाली आवाज फार घुमतो, त्यामुळे रेल्याची, म्हणजे जलद वाजणाऱ्या बोलांची, अक्षरे एकमेकांत मिसळून नुसती गुणगुण ऐकू येते. तिथे मोकळा, सावकाश ठेकाच शोभतो. बैठकीसाठी दोन मीटर लांब आणि एक मीटर रुंद असा लाकडी चौथरा शाळांकडे सहसा असतो. त्यावर सतरंजी हवी आणि त्यावर कोणी बूट घालून चढू नये, हे दोन्ही आधी लेखी कळवावे. इथे लेखी कळवलेले नीट पार पडते.

एक प्रसंग मुद्दाम सांगते. जूनमध्ये कॉयरच्या एका गाण्याला मी साथ करणार होते. शिक्षकांनी चिठ्ठीवर स्वर लिहून दिला, "बी". आपल्या हिशेबाने बी म्हणजे पेटीवरची पांढरी सात, म्हणून मी घरी इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्यावर तबला अगदी मनासारखा लावून नेला. रंगीत तालमीत, जिला इथे गेनेराल्प्रोबे म्हणतात, पियानोवर पहिला स्वर वाजला, मी "ना" वाजवला, आणि दोन्ही स्वर एकमेकांना घासून गेले. जर्मन स्वरलेखनात पांढऱ्या सातला "हा" म्हणतात आणि "बी", ज्याचा उच्चार ते "बे" करतात, ती आपली काळी पाच असते. शिक्षकांनी पियानोची ती एक पट्टी दाबून धरली, मी गजऱ्यावर, म्हणजे पुडीच्या कडेच्या विणलेल्या वादीवर, खालून वर हलके ठोके देत सोळाही घरे अर्ध्या स्वराने उतरवली, आणि चाळीस मुले दहा मिनिटे चकार शब्द न काढता उभी राहिली. आल्टमधल्या माझ्या शेजारणीने तेवढ्या वेळात माझी पाण्याची बाटली आणून शेजारी ठेवली. मी सप्टेंबरमधली पाहुणी असते तर ती दहा मिनिटे मला फार जड गेली असती. आपल्या कन्येने स्वराचे अक्षर विचारू नये, पट्टी दाबून दाखवायला सांगावे.

घरच्या रियाजासाठी यजमान कुटुंबाशी पहिल्याच आठवड्यात वेळ ठरवून घ्यावी. रात्री दहा ते सकाळी सहा आणि रविवारी दिवसभर शांतता पाळावी लागते, आणि अनेक इमारतींच्या नियमांत दुपारचे दोन तासही असतात. शाळेतली संगीताची खोली मोकळी असेल तर तीच बरी.

अभ्यासाची काळजी कॉयरमुळे करू नये. येथे 1 हा सर्वांत चांगला गुण आणि 6 सर्वांत वाईट, एवढे लक्षात ठेवावे. खरी काळजी अकरावीची आहे: परतल्यावर तिला कोणत्या वर्गात बसवणार, हे कॉलेजकडून निघण्यापूर्वी लेखी घ्यावे.

कार्यक्रमाचे चित्रीकरण आपल्याला पाहायला मिळेल, पण त्यात इतरांची मुले असतात आणि येथे त्यांच्या पालकांच्या संमतीशिवाय ते प्रसिद्ध करता येत नाही. नातेवाइकांना पाठवण्यापूर्वी शाळेला विचारावे. कपडे साधे लागतात, काळी पँट आणि पांढरा किंवा काळा सदरा. साडी उन्हाळ्यात तबल्याच्या वेळी नेसता येईल.

तिच्या तबल्याचे तोंड किती इंचांचे आहे आणि तो कोणत्या पट्टीत चांगला लागतो, ते कळवावे. जादा पुडी आणावी की दुसरा तबलाच आणावा, हे त्यावरून सांगता येईल.