२ चा १२७७ वा घात वजा १ ही संख्या संयुक्त आहे म्हणतात, पण तिचा एकही अवयव कुणाला माहीत नाही. मग संयुक्त ठरवली कशी?

मी पण यावर बरेच दिवस अडकलो होतो, कारण शाळेत संयुक्त संख्या म्हणजे जिला १ आणि ती स्वतः सोडून आणखी अवयव आहेत ती, एवढंच शिकवतात, त्यामुळे अवयव दाखवा नाहीतर गप्प बसा असं डोक्यात बसलेलं असतं. पण अवयव आहे हे कळणं वेगळं आणि तो कोणता हे कळणं वेगळं, आणि दुसरं काम पहिल्यापेक्षा भयंकर अवघड आहे.

या जातीच्या संख्यांना मर्सेन संख्या म्हणतात आणि त्यांच्यासाठी लुकास-लेमर नावाची टेस्ट आहे. ४ घ्यायचे, वर्ग करायचा, २ वजा करायचे, आपल्या संख्येने भागून फक्त बाकी ठेवायची, मग त्या बाकीवर परत तेच. घातापेक्षा दोन कमी इतक्या वेळा. शेवटी शून्य आलं तर मूळ, नाही आलं तर संयुक्त, विषय संपला. १२७ वर (घात ७) करून बघा: ४, १४, ६७, ४२, १११, ०. म्हणजे मूळ. आता २०४७ घ्या (घात ११), नऊ फेऱ्यांनंतर १७३६ उरतात, म्हणजे संयुक्त. २०४७ = २३ × ८९ आहे, पण या सगळ्या आकडेमोडीत २३ किंवा ८९ कुठे आले का? नाही ना!

तुमची संख्या ३८५ अंकी आहे. १२७५ फेऱ्या लागतात, पायथनमध्ये पाच-सहा ओळी लिहिल्या की साध्या लॅपटॉपवर डोळ्याचं पातं लवायच्या आत उत्तर येतं, आणि ते शून्य नसतं. मी स्वतः करून बघितलंय. पण अवयव शोधायला एकेक आकडा भागून बघत बसलात तर सगळ्यात वाईट केसमध्ये १९३ अंकी आकड्यांपर्यंत जावं लागेल, आणि विश्वाचं वय सेकंदात लिहिलं तरी ते १८ अंकीच होतं. अर्थात भागत बसण्यापेक्षा पुष्कळ हुशार पद्धती आहेत, पण त्यांनाही ही संख्या अजून बधलेली नाही.

हे नवीन नाही बरं का. २ चा ६७ वा घात वजा १ ही संयुक्त आहे हे लुकासने १८७६ मध्येच दाखवलं होतं, अवयव न देता. ते शेवटी १९०३ मध्ये फ्रँक कोलने दिले, १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७, तेही हाताने! तीन वर्षांचे रविवार गेले म्हणे.

आणि गंमत म्हणजे न सापडलेल्या अवयवांबद्दलही थोडंफार माहीत असतं. घात मूळ असेल तर प्रत्येक अवयवाला घाताच्या दुपटीने भागल्यावर बाकी १ उरते (२३ आणि ८९ ला २२ ने भागून बघा). इथे दुप्पट म्हणजे २५५४. शिवाय त्या अवयवाला ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ च येते. म्हणजे सुट्टीच्या दिवशी कोलसारखी हुक्की आलीच, तर बाकीच्या आकड्यांना हात पण लावू नका.